साखळीचं टोक

बुधवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला हर्षदा झांबरेच्या फोनवर एक आकडा आला आणि तिनं तो चुकीचा वाचला. एक्केचाळीस हजार, असं तिला वाटलं. तेवढ्यानंही ती दचकली. हातातली पाण्याची बाटली टेबलावर ठेवून तिनं हातमोजे काढले आणि एकेका अंकावर बोट ठेवत आकडा पुन्हा वाचला. एक्केचाळीस लाख सात हजार सहाशे तीस. कालपर्यंत तिथं दोनशे बारा होतं.

तापीकाठच्या मोरगव्हाणात तालुक्याची पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. हर्षदा तिथं एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होती. विहिरींचं, नळांचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं. ती ते तपासायची, कागदावर आकडे लिहायची आणि खाली सही करायची. सात वर्षांपूर्वी गावात कावीळ पसरली, तेव्हा नळाचं पाणी चांगलं आहे असं वरून सांगितलं जात होतं. हर्षदानं आपल्या सहीचा कागद प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चिकटवला. पाण्यात मैला मिसळतोय, उकळल्याशिवाय पिऊ नका, एवढंच त्यावर होतं. तिची बदली निघाली होती, ती गावातल्या डॉ. फेगड्यांनी धावपळ करून थांबवली. तेव्हापासून पाण्याचं काही असलं की गाव झांबरेबाईंना विचारायचं. ती दोनशे बारा मतं तिथून आलेली.

मतं सोपवण्याची पद्धत राज्यात येऊन सहा वर्षं झाली होती. पाणी, आरोग्य आणि शिक्षण या विषयांवरचे कायदे विधानसभेत मंजूर झाले तरी पक्के व्हायचे ते नागरिकांच्या मतानं. फोनवरून मत द्या नाहीतर केंद्रावर जाऊन द्या. पण वर्षाला तीस-चाळीस विधेयकं, एकेक शंभर पानांचं, ती वाचणार कोण? म्हणून ज्याला वाचणं जमत नाही त्यानं आपलं मत भरवशाच्या माणसाकडे सोपवायचं. कायद्यात त्या माणसाला विश्वस्त म्हणत. विश्वस्तालाही एखादा विषय कळत नसला, तर तो साठलेली सगळी मतं आपल्या भरवशाच्या माणसाकडे पुढं देऊ शकायचा. अशा साखळ्या तयार व्हायच्या आणि टोकाला कुणी एक जण सगळ्यांच्या वतीनं हो किंवा नाही म्हणायचा.

यामागचं गणित चोख होतं. कुणी कुणाला मत सोपवलं हे कुलूपबंद राहायचं. बंद पाकिटं न उघडता आतल्या चिठ्ठ्यांची बेरीज करता यावी, तशी ती रीत होती. खुद्द विश्वस्तालाही आपल्यामागे कोण आहे ते दिसत नसे, फक्त संख्या दिसे. त्यामुळे मालकाला नोकराचं किंवा नवऱ्याला बायकोचं मत हिसकावता येत नव्हतं. विश्वस्ताचं मात्र उलट. ज्याच्याकडे हजाराच्या वर मतं, त्याचं नाव, गाव आणि त्यानं दिलेलं मत सगळ्या राज्याला दिसायचं. नाहीतर लोक त्याला जाब कसा विचारणार? हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठी माणसं होती. पाण्याच्या बाटल्या तपासणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नव्हती.

हर्षदानं मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. डॉ. फेगडे बारा दिवसांपूर्वी वारले होते, हे हर्षदाला माहीतच होतं. ती अंत्ययात्रेला गेली होती. डॉक्टर आठ-नऊ वर्षं रेडिओवर आरोग्याचा कार्यक्रम करायचे. राज्यभरातल्या लोकांनी त्यांच्याकडे मतं सोपवली होती. विश्वस्त वारला तर मतं कुणाकडे जावीत, ते त्यानं आधी लिहून ठेवायचं असतं. पाण्याच्या विषयासमोर डॉक्टरांनी हर्षदाचं नाव लिहिलं होतं. मृत्यूची नोंद आज पहाटे पोचली आणि मतं सरकली.

मला ही नको असतील तर, असं हर्षदानं विचारलं. मतदानाच्या आधी पंधरा दिवस विश्वस्ताला मतं परत करता येत नाहीत, पुढंही देता येत नाहीत, असं उत्तर आलं. पूर्वी एकदोघांनी शेवटच्या संध्याकाळी मतं फेकून देऊन निकाल फिरवले होते, तेव्हापासूनचा हा नियम. लोक मात्र मतदानाच्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी सहापर्यंत केव्हाही आपलं मत परत घेऊ शकत होते.

“आणि मी मतच दिलं नाही तर?”

“तर ती मतं बाद धरली जातील, मॅडम,” मुलगी म्हणाली. मग आवाज जरा खाली आणून तिनं विचारलं, “तुम्ही खरंच पाण्याचं बघता ना?”

रविवारी मतदान होतं ते खोल भरण विधेयकावर. शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून, दोन-दोनशे मीटर खोल नळ्या घालून, उपशानं रिकाम्या झालेल्या खडकांत भरायचं. नऊ कोरड्या जिल्ह्यांतल्या विहिरींना त्यामुळे चार-पाच वर्षांत पाणी लागलं असतं. योजना खोटी नव्हती. पण जमिनीच्या पोटातलं पाणी हजारो वर्षं हवेशिवाय राहिलेलं असतं. वरून हवेचा अंश असलेलं पाणी आत गेलं, की काही खडकांतले घट्ट बसलेले कण सुटे होतात आणि त्यांच्यासोबत आर्सेनिक पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. दहा-पंधरा वर्षं पीत राहिलं की कातडी काळवंडते, आणि मग कर्करोग.

मोरगव्हाणच्या तालुक्यात चौदा महिने चाचणीचे दोन बोअर चालू होते. त्यांचं पाणी हर्षदाच तपासायची. एकात काहीच नव्हतं. दुसऱ्यात आधी चार, मग सात, मग नऊ. एका लिटरमागे इतके मायक्रोग्रॅम आर्सेनिक. दहापर्यंत पाणी पिण्याजोगं मानतात. तिनं अहवाल वर पाठवले होते आणि वरून त्यांचा सारांश आला होता: मर्यादेच्या आत. त्यात खोटं काही नव्हतं. तीन आकड्यांवरून चढ आहे असं म्हणावं, की ऋतूचा फरक म्हणावा? हे तिलाही सांगता आलं नसतं. ती तंत्रज्ञ होती. खडकांचा अभ्यास करणारी माणसं वेगळी आणि त्यांच्यातही दोन तट पडले होते.

तिनं बाकीच्या विश्वस्तांनी जाहीर केलेली मतं पाहिली. होकार एकोणीस लाखांनी पुढं होता. म्हणजे ती गप्प बसली तर होकार, हो म्हणाली तर होकार, आणि नाही म्हणाली तर नाही. प्रश्न तिच्या एकटीवर येऊन थांबला होता.

घरी तिच्या नवऱ्याला, प्रफुल्लला, आधी गंमत वाटली. तो केळी पिकवण्याच्या शीतगृहात देखरेखीला होता. आज सगळे जण त्याला बाईंचे मिस्टर म्हणून हाक मारत होते, असं त्यानं हसत सांगितलं. मग तिचा चेहरा बघून तो थांबला. उठून त्यानं पुढचं दार लावलं, कडी घातली आणि आतून कुलूपही घातलं. त्या घरात दिवसा कुलूप पहिल्यांदाच लागत होतं.

संध्याकाळी हर्षदा डॉक्टरांच्या घरी गेली. डॉक्टरांच्या पत्नी वंदनाकाकूंनी तिला आत घेतलं. डॉक्टर हृदयविकारानं गेले असं गावाला माहीत होतं. ते खरंच होतं. पण आधीचा दीड महिना कसा गेला ते काकूंनी आता सांगितलं. विधेयकाची तारीख लागल्यापासून फोन यायचे. कुणी शिवी देत नव्हतं. कुणी नातवाच्या शाळेचं नाव घ्यायचं, कुणी मुलीच्या नव्या घराचा पत्ता बरोबर सांगून पत्ता बरोबर आहे ना, असं विचारायचं. डॉक्टरांनी फिरायला जाणं सोडलं, मग रेडिओवर जाणं सोडलं. जेवताना दाराची घंटा वाजली की त्यांचा हात थरथरायचा.

“काकू, ते काय मत देणार होते?”

“त्यांचं ठरत नव्हतं गं. तुझे अहवाल समोर घेऊन बसायचे. म्हणायचे, हर्षदाला विचारायला हवं. मीच म्हटलं, तिला कशाला ओढता यात.” काकूंनी तिचा हात धरला. “तुझं नाव त्यांनी चार वर्षांपूर्वी लिहिलेलं. नंतर बदलायचं राहून गेलं. त्यांच्यावर राग धरू नकोस.”

हर्षदाला राग आला नव्हता. हात थरथरणारे डॉक्टर तिच्या डोळ्यांसमोर येईनात, एवढंच. काविळीच्या वेळी कलेक्टरांसमोर टेबलावर मूठ आपटणारे डॉक्टर तिनं पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी बाराला प्रयोगशाळेत एक माणूस आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, साध्या चपला. पाण्याच्या दोन बाटल्या तपासायला द्यायच्या होत्या. अर्ज त्यानं सुवाच्य अक्षरात भरून आणला होता. हर्षदानं बाटल्या घेतल्या आणि नोंद करायला अर्ज पुढं ओढला. नमुना कुठून घेतला त्या रकान्यात पहिल्या बाटलीसमोर लिहिलं होतं: झांबरे यांचं घर, गच्चीवरची टाकी. दुसऱ्या बाटलीसमोर: मुलींचं वसतिगृह, जळगाव, दुसरा मजला, जिन्याजवळचा पाण्याचा कूलर.

त्या वसतिगृहात, दुसऱ्या मजल्यावर तिची मुलगी अन्वी राहत होती.

हर्षदानं पेन खाली ठेवलं. ते घरंगळत टेबलाच्या कडेला गेलं. माणसानं ते अलगद उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवलं.

“तुम्हाला काय हवंय?” तिनं विचारलं.

“पाणी शुद्ध आहे का, तेवढं कळलं म्हणजे झालं.”

“मी रविवारी काय द्यावं असं तुमचं म्हणणं आहे?”

तो किंचित हसला. विश्वस्तावर दबाव आणणं हा गुन्हा आहे, आपण तसलं काही करत नाही, असं त्यानं सांगितलं. “रविवारनंतर पुन्हा एकदा बाटल्या आणीन म्हणतो, ताई. काही फरक पडला का ते तपासून घेऊ.” नमस्कार करून तो गेला.

तिनं उठून दोन्ही बाटल्या तपासल्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाणी स्वच्छ होतं. पण तिसऱ्या खेपेला काचेची नळी हातात फुटली आणि तळहात चिरला.

तिला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती, ते तिला नळाखाली हात धरल्यावर कळलं. तो माणूस कुणाचा, हेच तिला माहीत नव्हतं. विधेयक मंजूर झालं तर नळ्या घालणाऱ्यांची चांदी होती. पडलं तर नऊ जिल्ह्यांत टँकर फिरवणाऱ्यांची. दोघांचेही हात लांब होते. त्यानं अमुक मत दे म्हणून धमकावलं असतं, तर ती पोरीसाठी कदाचित वाकलीही असती. पण वाकायचं कुठल्या बाजूला?

पोलिस ठाण्यातल्या साहेबांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. अर्जावरचं नाव आणि पत्ता खोटा निघाला. पण पाणी तपासायला देणं हा गुन्हा होत नाही, असं ते ओशाळून म्हणाले. टाकीपर्यंत कुणी चढल्याचं शेजारी कुणीही पाहिलं नव्हतं. त्यांनी घराबाहेर एक शिपाई दिला. हर्षदानं गच्चीवरची टाकी रिकामी केली, धुतली आणि झाकणाला साखळी लावली. त्या दिवसापासून ती पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी उजेडात धरून बघायला लागली. आर्सेनिक दिसत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी बघायची.

शुक्रवारी ती आणि प्रफुल्ल जळगावला जाऊन अन्वीला घेऊन आले. अन्वी अठराची, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला. परीक्षा तोंडावर असताना का नेताय म्हणून ती आधी चिडली. कारण कळल्यावर गाडीत मागच्या सीटवर गुडघे जवळ घेऊन बसली. भुसावळ मागे पडलं. मग तिनं विचारलं, “आई, त्यानं काय द्यायचं ते सांगितलंच नाही?”

“नाही.”

“मग घाबरून तरी तू काय देणार?”

प्रफुल्लनं आरशातून मागे पाहिलं. हर्षदा खिडकीबाहेर बघत राहिली. भीती गेली नव्हती. पण पोरगी म्हणत होती ते खरं होतं. या भीतीला दिशा नव्हती. रविवारी ती कामाला येणार नव्हती.

घरी परतले तेव्हा ओट्यावर तिचा धाकटा भाऊ चेतन भंगाळे बसला होता. चेतन पळसखेड्याला शाळेत शिक्षक होता. पळसखेडं म्हणजे तालुक्याच्या दक्षिण टोकाचं कोरडं गाव. तिथं वर्षातले आठ महिने टँकर. त्याचे डोळे तारवटलेले होते. गेले दोन दिवस गावातली माणसं त्याच्या दाराशी येऊन बसत होती. दमदाटी नाही, काही नाही. नुसती बसायची, आणि तो शाळेला निघाला की म्हणायची, गुरुजी, बहिणीशी बोललात का? आज त्याच्या वर्गात चारच पोरं आली होती.

हर्षदानं त्याला चहा दिला. त्यानं तो घेतला नाही. तिनं चार, सात, नऊ हे आकडे कागदावर काढून दाखवले. त्यानं ते समजून घेतले. तो गणितच शिकवायचा. मग कागद बाजूला सारून म्हणाला, “ताई, माझं मत पहिल्या वर्षापासून तुझ्याकडे आहे. वर्गातल्या मुली टँकरचा भोंगा ऐकला की दप्तर टाकून पळतात. तुझ्या कागदावर विष अजून आलेलं नाही. त्यांच्या घरात पाणी आत्ता नाही.”

“आलं तर मग काढता येत नाही रे, चेतन. खडकात उतरलं की पन्नास वर्षं ते तिथंच.”

“येईलच असं म्हणतेस?”

“नाही. माहीत नाही.”

“मग माहीत नसलेल्यासाठी तू त्यांचं पाणी थांबवणार.”

तिनं कागदाची घडी घातली. तो न जेवताच निघाला. दारात शिपायाशी दोन शब्द बोलला, गाडीला किक मारली आणि गेला. लहानपणी रुसला की कोपऱ्यापर्यंत जाऊन मागे वळून बघायचा. आज वळला नाही.

शनिवारी सकाळी तिनं प्रयोगशाळेत, बाटल्यांच्या फळीपुढं उभं राहून सात मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि मतदानाच्या पानावर टाकलं. रात्रभर विचार करून तिनं एकच ठरवलं होतं: आपल्याला जे दिसतं ते सांगायचं, आणि आपल्यामागे उभ्या असलेल्या न दिसणाऱ्या माणसांना पळायला एक दिवस द्यायचा. तिनं तिन्ही आकडे सांगितले. ते मर्यादेच्या आत आहेत हेही सांगितलं. आपण खडकांच्या जाणकार नाही, आपला अंदाज चुकू शकतो, तो चुकला तर लाखो घरं विनाकारण तहानलेली राहतील, आणि त्यात आपल्या भावाचं गाव आहे, हे सगळं सांगितलं. आणखी दोन वर्षं चाचणी व्हावी म्हणून आपण नाही म्हणणार आहोत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपलं मत उद्या सहाच्या आत परत घ्यावं. शेवटी ती म्हणाली, “मला फार भीती वाटते आहे. एवढी मतं एका माणसाकडे असू नयेत.”

अर्धे लोक तरी जातील, असा तिचा हिशेब होता. दहापंधरा लाख उरले तर निदान श्वास घेता येईल.

दुपारी एकला आकडा चव्वेचाळीस लाख झाला होता. प्रफुल्लला वाटलं, पान नीट उघडलं नसेल. तीनला बावन्न. ही पहिलीच बाई आपल्याला माहीत नाही म्हणाली, असं लोक एकमेकांना सांगत होते आणि तिचं बोलणं पुढं पाठवत होते. दुसऱ्या विश्वस्तांकडची मतं काढून तिला देत होते. संध्याकाळी अन्वीनं फोन तिच्यासमोर धरला तेव्हा तिथं त्रेसष्ट लाख होते. हर्षदानं फोन पालथा ठेवला. ती न्हाणीघरात जाऊन भिंतीला टेकून बसली. भरवसा नका ठेवू म्हणून हात जोडले, तर लोकांनी त्याच हातांत आणखी ओझं ठेवलं होतं. फरशीवर बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, हेच बोलणं खोटं असतं, नुसतं नाटक असतं, तरी आकडा असाच चढला असता. आणि पुढच्या वेळी कुणीतरी ते नाटक करेलच.

रविवारी अकरा वाजता ती शाळेतल्या मतदान केंद्रावर गेली. फोनवरून देता आलं असतं, पण घरात बसून, दाराला कुलूप लावून तिला हे करायचं नव्हतं. रांगेतल्या लोकांनी तिला पुढं जायला वाट दिली. कुणी नमस्कार केला, कुणी मान फिरवली. पडद्यावर दोन चौकोन होते आणि वर तिचं नाव. तिनं ‘नाही’वर बोट ठेवलं. यंत्रानं विचारलं, नक्की? तिनं पुन्हा बोट ठेवलं. बाहेर आली तेव्हा पाठ घामानं चिकट झाली होती आणि मैदानातला प्रत्येक पांढरा शर्ट तिला त्याचाच वाटत होता.

साडेसहाला निकाल आला. विधेयक चाळीस लाखांनी पडलं. तिची मतं वगळली असती तर ते तेवीस लाखांनी मंजूर झालं असतं. राज्यात कुठं फटाके वाजले, कुठं हंडे फुटले. पळसखेड्यातल्या बायकांनी रस्त्यावर रिकाम्या कळशा ठेवून गाड्या अडवल्याची बातमी आली.

सातला चेतनचा फोन आला. हर्षदानं तो घ्यायच्या आधी दोनदा वाजू दिला.

“ताई, मी पावणेसहाला माझं मत तुझ्याकडून काढून घेतलं,” तो म्हणाला. “स्वतः दिलं. हो दिलं.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुला कधी कळलं नसतं. ते दिसतच नाही कुणाला. म्हणून सांगतोय.”

हर्षदा खाली बसली आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली. त्यानं विरुद्ध मत दिलं याचं तिला वाईट वाटलं असेल असं समजून चेतन समजूत घालायला लागला. तिला मात्र हलकं वाटत होतं. त्या त्रेसष्ट लाखांत एक चेहरा तिला माहीत होता, आणि त्यानं आपलं ओझं आपण उचललं होतं.

सोमवारी मतं परत करायची मुभा उघडली. तिनं सगळीच्या सगळी परत केली. कारण विचारलं होतं तिथं तिनं लिहिलं, माझ्या भावानं काल स्वतः मत दिलं, माझ्या विरुद्ध, तुम्हीही द्या. पण परत करणं अमलात यायला सात दिवस लागतात. तोवर विश्वस्त म्हणून तिचंच नाव, तिचंच गाव, सगळ्यांना दिसत राहणार होतं. आणि रविवार उलटून गेला होता. बाटल्या घेऊन तो माणूस आता केव्हाही दारात उभा राहिला असता. दुपारी प्रयोगशाळेचं दार वाजलं तेव्हा ती टेबलामागे खाली वाकली. पोस्टमन होता.

त्या संध्याकाळी तिनं बॅग भरली. अन्वीला घेऊन सात दिवस पळसखेड्याला चेतनकडे राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. प्रफुल्लनं तिच्याकडे वेड लागलं की काय अशा नजरेनं पाहिलं.

“अगं, तिथं तर सगळं गाव तुझ्यावर चिडलंय.”

“हो. पण कोण चिडलंय ते दिसतं तरी,” हर्षदा म्हणाली.

तो माणूस नंतर कधीच आला नाही. तो कुणाचा होता, मत हवं तसं पडलं म्हणून आला नाही की आणखी कशानं, हे पोलिसांनाही शोधता आलं नाही. आणि यापुढं येणार नाही, असं तिला कुणी कधी सांगू शकलं नाही.

पळसखेड्यात मंगळवारी सकाळी नऊला टँकर आला. चेतनची बायको कळशी घेऊन निघाली होती. हर्षदानं ती तिच्या हातातून घेतली. अन्वी दुसरी घेऊन मागून आली. चाळीसेक बायका होत्या. दोघी रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या बायकांनी वळून पाहिलं आणि त्या पाहतच राहिल्या. हर्षदा जागची हलली नाही.

तिच्या पुढं एक साठीची बाई होती, डोक्याला पदर, कमरेवर मोकळा हंडा. तिनं हर्षदाला आपादमस्तक न्याहाळलं.

“मत देणारी ती तूच का?”

“हो.”

“तुझ्यापायी हे अजून दोन वर्षं.”

“हो,” हर्षदा म्हणाली. “जास्तही लागतील.”

टँकरची नळी सुटली, पुढं पाण्याचा आवाज सुरू झाला आणि रांग सरकली. बाईनं हंडा दुसऱ्या कमरेवर घेतला.

“कळशी लहान आणलीस,” ती म्हणाली. “नंबर लागेस्तोवर बारा वाजतील. उन्हातून बाजूला हो, ये अशी इकडं.”